जखम आणि न्याय : डोरोथी हाइट यांच्या समाजकार्याचा अभ्यास

अन्याय माणसाच्या आयुष्यावर दोन प्रकारच्या खुणा ठेवून जातो. एक खूण बाहेर दिसते : नाकारलेला प्रवेश, न मिळालेली नोकरी, वस्तीच्या कडेला ढकललेले घर. दुसरी खूण आत राहते : आपण कमी आहोत अशी मनात रुजवलेली शंका, चारचौघांत बोलताना अडखळणारा आवाज, पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली भीती. समाजकार्याच्या क्षेत्रात या दोन खुणांवरून दोन पंथ पडलेले दिसतात. एक पंथ म्हणतो, आधी नियम आणि कायदे बदला. मनाचे पुढे पाहता येईल. दुसरा म्हणतो, आधी दुखावलेल्या माणसाला धीर द्या, त्याला उभे करा. जग सावकाश बदलेल.

वसतिगृहात राहून शिकलेल्या आणि आपल्या घराण्यात पहिल्यांदाच पदवी मिळविलेल्या माणसाला हा वाद पुस्तकी वाटणार नाही. त्याने दोन्ही खुणा अंगावर वागवलेल्या असतात. म्हणून या अभ्यासलेखात अशा एका समाजसेविकेच्या कार्याचा विचार केला आहे, जिने सात दशकांहून अधिक काळ या दोन गोष्टींची फारकत होऊ दिली नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजसेविका डोरोथी आयरीन हाइट यांचा जन्म २४ मार्च १९१२ रोजी झाला आणि २० एप्रिल २०१० रोजी, वयाच्या ९८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या नागरी हक्क चळवळीचा इतिहास सांगताना मार्टिन ल्युथर किंग यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या व्यासपीठावर किंग यांच्यापासून थोड्याच अंतरावर बसलेल्या या बाईंचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांच्या कामाची पद्धत समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

नाकारलेली दारे

डोरोथी यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी झाला. त्या लहान असतानाच कुटुंब उत्तरेकडे, पिट्सबर्गजवळच्या रँकिन या पोलाद कारखान्यांच्या गावी स्थलांतरित झाले. वडील बांधकामाचे ठेकेदार होते. आई प्रशिक्षित परिचारिका होती. परंतु उत्तरेतील रुग्णालयांत कृष्णवर्णीय परिचारिकेला काम मिळेना, तेव्हा तिला लोकांच्या घरची कामे करावी लागली. शिक्षण असूनही त्या शिक्षणाला बाजारात मोल नाही, ही गोष्ट मुलीने घरातच पाहिली. मात्र हीच आई कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांत उत्साहाने काम करीत असे आणि मुलीला सभांना बरोबर नेत असे. अपमान आणि संघटन यांचे धडे एकाच घरात मिळाले.

सुमारे बारा वर्षांची असताना डोरोथी पिट्सबर्गच्या वाय.डब्ल्यू.सी.ए. या ख्रिस्ती तरुणींच्या संघटनेत पोहायला गेली. कृष्णवर्णीय मुलींना तलावात उतरता येणार नाही, असे तिला सांगण्यात आले. तिने तेथील प्रमुख बाईंची भेट मागितली आणि आपले म्हणणे मांडले. नियम बदलला नाही. परंतु ही घटना वाचकांनी लक्षात ठेवावी; कारण याच संघटनेत पुढे या मुलीने आयुष्यातील सुमारे चार दशके काम केले.

शाळेत ती उत्तम वक्ती म्हणून ओळखली जाऊ लागली. हॅरिसबर्ग येथे राज्यपातळीवरील वक्तृत्व स्पर्धेसाठी गेली असता हॉटेलने तिला प्रवेश नाकारला. तिचा विषय जागतिक शांतता हा होता. येशूच्या आईवडिलांनाही धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती, याची आठवण तिने भाषणाच्या अखेरीस करून दिली आणि गोऱ्या परीक्षकांनी तिलाच पहिला क्रमांक दिला. पुढे एल्क्स या बंधुसंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अमेरिकेच्या राज्यघटनेवर बोलून तिने महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळविली.

१९२९ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयाने तिला प्रवेश दिला होता. ती तेथे पोहोचली तेव्हा सांगण्यात आले, की कृष्णवर्णीय विद्यार्थिनींसाठी असलेल्या दोन जागा भरल्या आहेत. आता थांबावे लागेल. गुणवत्ता मान्य होती, पत्रही हाती होते; पण जागा दोनच होत्या. ते पत्र घेऊन ती त्याच दिवसांत न्यूयॉर्क विद्यापीठात गेली आणि तेथे तिला प्रवेश मिळाला. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीत तिने पदवी आणि शैक्षणिक मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी अशा दोन्ही पूर्ण केल्या.

बर्नार्ड हे कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेले स्त्रियांचे महाविद्यालय. दोहोंच्या मधून फक्त ब्रॉडवे हा रस्ता जातो. याच कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. एकाच शहरातील एकाच परिसरात एका अस्पृश्य मानलेल्या भारतीय तरुणाला ज्ञानाचे दार मोकळे मिळाले आणि पुढे तेरा वर्षांनी त्याच देशाच्या कन्येला रस्त्याच्या पलीकडचे दार बंद आढळले. जात आणि वंश यांचे तर्कशास्त्र असे विचित्र असते. परक्याला मिळणारी मोकळीक घरच्याला मिळेलच असे नाही. बाबासाहेबांना हे साम्य आणि हा भेद दोन्ही ठाऊक होते; १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साधर्म्याचा उल्लेख केला होता.

मजूर नाक्यावरील शिक्षण

शिक्षण संपले तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. डोरोथी हाइट यांनी न्यूयॉर्क शहराच्या कल्याण विभागात केसवर्कर म्हणून काम सुरू केले. गरजू कुटुंबाच्या घरी जाणे, त्याची परिस्थिती नोंदवणे, मदतीची शिफारस करणे असे या कामाचे स्वरूप असते. समाजकार्याच्या पदवीचा अभ्यास केलेल्यांना ते परिचित आहे. बाहेरून पाहता हे काम कारकुनी वाटते. प्रत्यक्षात त्यातून एक शिस्त अंगी बाणते : अनुमान काढण्यापूर्वी ऐकून घ्यायचे आणि दया दाखविण्यापूर्वी माहिती घ्यायची. हाइट यांच्या पुढील सर्व कामाचा पाया येथे घातला गेला.

१९३७ साली त्या हार्लेममधील वाय.डब्ल्यू.सी.ए.च्या शाखेत दाखल झाल्या. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तेथील सभेस आल्या. त्यांना सभागृहात नेण्याचे काम हाइट यांच्याकडे होते. सभा बोलावणाऱ्या होत्या मेरी मॅक्लिऑड बेथून. गुलामीत जगलेल्या आईवडिलांच्या पोटी १८७५ साली जन्मलेल्या, मुलींची शाळा काढून ती महाविद्यालयापर्यंत नेलेल्या आणि १९३५ साली ‘नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन’ हा कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांचा महासंघ स्थापन केलेल्या या शिक्षिकेने त्या तरुण कार्यकर्तीला हेरले आणि आपल्या कामात ओढून घेतले. गुरू-शिष्येचे हे नाते बेथून यांच्या निधनापर्यंत टिकले.

त्या काळात ब्रॉंक्स आणि ब्रुकलिन भागांतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर कृष्णवर्णीय स्त्रिया सकाळी उभ्या राहत. गोऱ्या गृहिणी मोटारीतून येत, हात आणि गुडघे पाहून बाई निवडत आणि ताशी काही सेंटांवर दिवसभराच्या घरकामाला नेत. आपल्या शहरांतील मजूर नाका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. लोक त्या जागांना उघडपणे ‘गुलामांचा बाजार’ म्हणत. हाइट यांनी त्या स्त्रियांच्या तोंडून हकिकती ऐकल्या आणि न्यूयॉर्क शहर परिषदेपुढे साक्ष दिली. एका बाईला एका दिवसाचे काम मिळवून देणे ही मदत झाली. त्या बाजाराचे अस्तित्वच शहराच्या कारभाऱ्यांपुढे मांडणे हा न्यायाचा प्रयत्न झाला. हाइट यांनी दोन्ही एकाच वेळी केले.

आधी आपले घर

१९४४ साली हाइट वाय.डब्ल्यू.सी.ए.च्या राष्ट्रीय कार्यालयात आल्या. ही संघटना त्या काळच्या मानाने उदारमतवादी समजली जाई. तरीही तिच्या अनेक गावांतील कृष्णवर्णीयांच्या शाखा वेगळ्या होत्या. पोहण्याचे तलाव, भोजनगृहे, उन्हाळी शिबिरे यांत भेद पाळला जाई. संघटनेने आपल्याच शाखांमधील या व्यवहाराची पाहणी करवून घेतली होती. तिचे निष्कर्ष पुढे आल्यावर १९४६ साली अटलांटिक सिटी येथील अधिवेशनात आंतरवांशिक सनद संमत झाली. वंशावरून होणारा अन्याय समाजात असो, राष्ट्रात असो वा जगात असो, त्याचा स्पष्ट निषेध करायचा आणि तो दूर करण्यासाठी नेटाने काम करायचे, असा तिचा आशय होता.

ठराव संमत करणे सोपे असते. ठरावानंतरची सोमवारची सकाळ अवघड असते. सनदेचे रूपांतर व्यवहारात करण्याचे काम आंतरवांशिक शिक्षणाच्या प्रमुख म्हणून हाइट यांच्याकडे आले. गावोगावच्या शाखांत जाऊन कार्यकारिणीच्या गोऱ्या सदस्यांशी आणि वेगळ्या शाखांतील कृष्णवर्णीय स्त्रियांशी बोलावे लागे. तलाव एकत्र केला तर सदस्य सोडून जातील, अशी भीती एका बाजूस. एकत्र आल्यावर आपले नेतृत्व नाहीसे होईल, ही रास्त शंका दुसऱ्या बाजूस. दोन्ही भीतींना नाव देऊन त्यांच्यावर उघड चर्चा घडवून आणणे, ही हाइट यांची रीत होती. बारा वर्षांच्या मुलीला ज्या संघटनेने तलावात उतरू दिले नाही, त्याच संघटनेला तलाव मोकळे करायला शिकविण्याचे काम आता तिच्याकडे होते.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. समाजातील अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. आपल्या संस्थेतील अन्याय मोजायला तयार असलेल्या थोड्या. हाइट यांच्या मते वंशभेद हा केवळ काही दुष्ट माणसांचा स्वभावदोष नव्हता. तो नियमांत, अर्जांच्या रकान्यांत, बैठकीच्या जागेत आणि कोणाला चहा कोण देतो यात मुरलेला असतो. म्हणून चांगल्या मनाची माणसे असलेल्या संस्थेतही तो टिकतो आणि म्हणूनच तो शोधून काढावा लागतो.

दिल्लीतील चार महिने

१९५२ साली हाइट भारतात आल्या. दिल्ली विद्यापीठाच्या समाजकार्य विद्यालयात त्यांनी चार महिने अतिथी प्राध्यापक म्हणून अध्यापन केले. हे विद्यालय १९४६ साली भारतातील वाय.डब्ल्यू.सी.ए.च्या पुढाकाराने सुरू झाले होते. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीकार्यातून १९३६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेची पूर्वज संस्था निघाली होती. तिच्यानंतरची ही उत्तरेतील महत्त्वाची संस्था. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झाली होती, राज्यघटना लागू होऊन दोन वर्षे झाली होती आणि अस्पृश्यता घटनेने नष्ट केल्याचे जाहीर होऊनही गावांची रचना बदललेली नव्हती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रीला ही स्थिती अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. तिच्या देशातही गुलामगिरी घटनादुरुस्तीने संपून ८७ वर्षे लोटली होती आणि बसमधल्या जागा अजून रंगावरून ठरत होत्या.

योगायोग असा, की याच वर्षाच्या जून महिन्यात कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कमध्ये सन्माननीय पदवी दिली. एक जण तिकडे सन्मानित झाला, एक जण इकडे शिकवायला आली. दोघांच्याही अनुभवातून एकच सूत्र निघते. घटनेतील शब्द ही न्यायाची सुरुवात असते; तो शब्द गावच्या विहिरीपर्यंत किंवा शहराच्या तलावापर्यंत नेणारी माणसे लागतात.

बुधवारच्या भेटी

१९५७ साली हाइट बेथून यांच्या महासंघाच्या अध्यक्षा झाल्या आणि पुढे ४० वर्षे, १९९७पर्यंत, त्या पदावर राहिल्या. नागरी हक्क चळवळीच्या प्रमुख नेत्यांच्या बैठकीत त्या बहुधा एकट्याच स्त्री असत. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे निघालेल्या विराट मोर्चाच्या आयोजनात त्यांचा वाटा होता. परंतु त्या दिवशी एकाही स्त्रीला प्रमुख भाषणाची संधी देण्यास पुरुष आयोजक तयार झाले नाहीत. स्पर्धा जिंकलेली ही वक्ती व्यासपीठावर मूक बसली. न्यायासाठी लढणाऱ्या चळवळीतही एक दार बंद असू शकते, हे तिने पाहिले. तिने चळवळ सोडली नाही आणि मौनही पत्करले नाही. दुसऱ्याच दिवशी तिने स्त्रियांची सभा बोलावली आणि मोर्चानंतर पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

त्यातून १९६४ साली एक विलक्षण उपक्रम उभा राहिला : ‘मिसिसिपीतील बुधवार’. गोरी सहकारी पॉली कोवन यांच्यासह हाइट यांनी तो आखला. त्या उन्हाळ्यात मतदार नोंदणीसाठी शेकडो विद्यार्थी मिसिसिपी राज्यात गेले होते आणि जून महिन्यात तीन तरुण कार्यकर्त्यांची हत्या झाली होती. अशा वातावरणात उत्तरेतील शहरांतून गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांची छोटी पथके मंगळवारी विमानाने जॅक्सन शहरी येत, बुधवारी स्वातंत्र्यशाळांना आणि वस्त्यांना भेटी देत, पुस्तके व साहित्य पोहोचवत आणि गुरुवारी परतत. जॅक्सनमध्ये उतरल्यावर मुक्कामासाठी त्यांना वेगवेगळे व्हावे लागे; एकत्र राहणे धोक्याचे होते. टोपी, हातमोजे, सभ्य पोशाख हे त्यांनी जाणीवपूर्वक वापरलेले कवच होते.

या भेटींचा गाभा शांत संवादाचा होता. उत्तरेकडील गोरी स्त्री दक्षिणेकडील गोऱ्या स्त्रीला तिच्या दिवाणखान्यात भेटे आणि दिवसभरात पाहिलेले सांगे. अनेक स्थानिक गोऱ्या स्त्रिया भेदभावाने मनातून अस्वस्थ होत्या; परंतु नवऱ्याची नोकरी जाईल, शेजारी बहिष्कार टाकतील, या भयाने गप्प होत्या. भयाने गप्प बसलेल्यांना बोलण्यासाठी एक सुरक्षित कोपरा देणे, हेदेखील समाजकार्यच आहे. अर्थात, या चहापानाने कायदा बदलला असे कोणी म्हणणार नाही. कायदा रस्त्यावरच्या लढ्याने बदलला. पण बदललेला कायदा त्या गावात राहणाऱ्यांना उद्या पाळायचा होता आणि त्यासाठी कोणीतरी एकमेकांशी बोलणे आवश्यक होते.

डुकरांची बँक

मिसिसिपीतील गरीब स्त्रियांना विचारल्यावर उत्तर आले : आम्हाला अन्न हवे, घर हवे, मुलांसाठी पाळणाघर हवे. उत्तरेकडील कार्यकर्त्यांच्या डोक्यात मतदानाचा हक्क होता; इकडे मतदार नोंदणी केली म्हणून मळ्याच्या मालकाने घराबाहेर काढलेली कुटुंबे उपाशी होती. फॅनी लू हेमर या शेतमजूर स्त्रीला १९६२ साली नेमके याच कारणासाठी मळा सोडावा लागला होता आणि पुढच्या वर्षी तुरुंगात तिला अमानुष मारहाण झाली होती. याच हेमर यांच्याबरोबर हाइट यांच्या महासंघाने १९६८च्या सुमारास सनफ्लॉवर परगण्यात ‘डुकरांची बँक’ सुरू केली.

योजना अगदी साधी होती. बँकेतून एका कुटुंबाला डुकरीण मिळे. कुटुंबाने तिची निगा राखायची, ती व्याली की दोन पिले बँकेत परत करायची. उरलेली त्या घराची. परत आलेली पिले पुढच्या कुटुंबाला जात. आपल्या खेड्यांत जनावर अर्धलीने देण्याची जुनी रीत आहे. तीत वाढाव्याचा वाटा मालकाच्या गोठ्यात परत जातो. येथे तो पुढच्या गरजूच्या अंगणात जात असे. फरक एवढाच, पण त्या फरकात सारे आले. घेणारा काही महिन्यांत देणारा होतो. भूक भागते आणि भीक घेतल्याची बोचही उरत नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या मळ्याच्या मालकाकडे हात पसरावा लागला, त्याच्या दृष्टीने शेजाऱ्याला पिले देता येणे हे अन्नाइतकेच बळ देणारे होते. आतली जखम भरू लागते ती अशा वेळी.

वंशन्याय केंद्र

१९६५ साली वाय.डब्ल्यू.सी.ए.ने वंशन्यायासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले आणि त्याची धुरा हाइट यांच्याकडे दिली. १९७७ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती वाहिली. १९७० साली ह्यूस्टन येथे राष्ट्रीय अधिवेशन झाले. त्याआधी संघटनेतील कृष्णवर्णीय सदस्या स्वतंत्रपणे एकत्र आल्या. अनेक उद्दिष्टांच्या यादीत वंशभेदाचा प्रश्न तळाशी जातो, हा त्यांचा अनुभव होता. त्यांनी एकच मागणी अधिवेशनापुढे नेली : वंशभेद जेथे असेल तेथून, आवश्यक ते सर्व मार्ग वापरून, नाहीसा करणे हेच संघटनेचे एकमेव निकडीचे कार्य मानावे. अधिवेशनाने ते मान्य केले. १९४६ची सनद आणि १९७०चा हा निर्धार यांच्यामध्ये २४ वर्षांचे अंतर आहे. संस्था बदलतात, त्यांना बदलायला एवढा काळ लागतो, हेही अभ्यासकाने ध्यानात घ्यावे.

जखम भरून काढण्याच्या दृष्टीने हाइट यांच्या आणखी दोन कामांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिसच्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय रुग्णांवर केवळ निरीक्षण चालविले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना उपचार दिले नाहीत आणि खरे काय ते सांगितले नाही. हे उघडकीस आल्यानंतर १९७४ साली मानवी संशोधनातील सहभागींच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्याच्या सदस्यांत हाइट होत्या. या आयोगाचा बेल्माँट अहवाल आजही संशोधनाच्या नीतीचा आधार मानला जातो. व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय ही त्याची तीन तत्त्वे आहेत. आज आपल्याकडील रुग्णालयातही संशोधनापूर्वी रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती घेतली जाते, तेव्हा त्यामागे त्या फसविल्या गेलेल्या माणसांची वेदना आहे. वेदनेचे रूपांतर इतरांना वाचविणाऱ्या नियमात व्हावे, यापरते मोठे परिमार्जन कोणते?

दुसरे काम १९८६ सालचे. कृष्णवर्णीयांची कुटुंबव्यवस्था मोडून पडली आहे, असे चित्र त्या काळी वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी रंगवीत होती. हाइट यांनी वॉशिंग्टनच्या मैदानावर कुटुंबांचा भव्य मेळा भरविला. आजीपासून नातवंडांपर्यंत लोक एकत्र आले. आरोग्य तपासणी, पाककृती, गाणी, मार्गदर्शन असे त्याचे स्वरूप होते. समाजावर सतत दोषांचाच आरसा धरला गेला, तर तो समाज स्वतःला तसाच पाहू लागतो. बाईंनी लोकांना त्यांचे बळ दाखविणारा आरसा धरला. पुढे हा मेळा दरवर्षीचा झाला.

मर्यादा आणि मूल्यमापन

कोणत्याही कार्याचे गुणगान करताना त्यावरील आक्षेपही पाहिले पाहिजेत. चळवळीतील तरुण पिढीला हाइट यांची रीत संथ वाटे. टोप्या-हातमोजे घातलेल्या स्त्रियांच्या भेटीगाठी आणि समित्यांची बैठक यांतून क्रांती होत नसते, असे त्यांचे म्हणणे होते. या आक्षेपात तथ्य आहे. रस्त्यावरचा लढा नसता, तर समितीच्या खोलीतील दार उघडले नसते. परंतु रस्त्यावरची गर्दी ओसरल्यावर त्या खोलीत बसून मसुद्याचा शब्द न् शब्द तपासणारे कोणी नसते, तर उघडलेले दार पुन्हा लागले असते. दोन्ही कामांना माणसे लागतात. आपला पिंड कोणत्या कामाचा आहे हे ओळखून ते काम आयुष्यभर न कंटाळता करणे, ही हाइट यांची थोरवी.

बर्नार्ड महाविद्यालयाने १९८० साली त्यांना आपले सन्मानपदक दिले आणि २००४ साली सन्माननीय माजी विद्यार्थिनी म्हणून स्वीकारले. जिला १९२९ साली जागा नव्हती, तिला पाऊणशे वर्षांनी ‘आमची’ म्हटले गेले. १९९४ साली त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक आणि २००४ साली अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या महासंघाने १९९५ साली वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया मार्गावर, संसद आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान यांच्या दरम्यान, स्वतःची इमारत घेतली. एकेकाळी गुलामांची खरेदी-विक्री चाले त्या परिसरातच ती आहे. हाइट यांच्या नव्वदीच्या सुमारास तिचे कर्जही फिटले. जेथे माणसे विकली गेली, तेथे त्यांच्या वंशजांचे मालकीचे छप्पर उभे राहिले. न्याय आणि जखम भरणे यांची एकत्र खूण म्हणून या वास्तूकडे पाहता येईल.

आपल्यापुरता बोध

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो आणि पालकहो, या चरित्रातून तीन गोष्टी आपल्याला घेता येतील. पहिली, आपल्याला नाकारणारे दार विसरू नये; परंतु त्याची आठवण कडवटपणासाठी न ठेवता मागून येणाऱ्यासाठी ठेवावी. आपण आत आलो, आता दार आपल्या हाती आहे, याचे भान पदवीधराला हवे. दुसरी, मदत करण्यापूर्वी विचारावे. वस्तीला काय हवे ते वस्तीलाच ठाऊक असते. आपण शिकलो म्हणून तिच्या गरजा ठरविण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. तिसरी, न्यायाची तपासणी आपल्या घरापासून सुरू करावी. आपल्या संस्थेच्या बैठकीत स्त्रियांना किती वेळ बोलू दिले जाते, आपल्याहून गरीब जातीच्या मुलाला आपल्या घरात कसे वागविले जाते, हे प्रश्न अप्रिय असले तरी ते आपणच विचारायचे आहेत. ज्यांनी अन्याय सोसला, त्यांच्या हातून अन्याय होत नाही असा निसर्गनियम नाही.

जखम झाकून ठेवली तर ती चिघळते आणि नुसती दाखवीत राहिली तर ती भरत नाही. ती स्वच्छ करावी लागते, तिचे कारण दूर करावे लागते आणि मग त्या हाताला पुन्हा काम द्यावे लागते. हाइट यांनी ९८ वर्षांच्या आयुष्यात हे तिन्ही केले. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने यांतील एक जरी मनापासून केले, तरी या स्मरणिकेचे चीज होईल.

विचारविनिमयासाठी प्रश्न

१. आपल्या शिक्षणाच्या वाटेवर कोणते दार बंद आढळले? ते आज आपल्यानंतरच्या मुलांसाठी उघडे आहे काय?

२. डुकरांच्या बँकेत घेणारा देणारा कसा होतो? आपल्या गावात किंवा वस्तीत असा कोणता उपक्रम करता येईल?

३. १९६३च्या व्यासपीठावर हाइट यांना बोलू दिले नाही, तेव्हा त्यांनी काय केले? आपल्या चळवळीत असा प्रसंग आल्यास आपण काय करावे?

४. आपण ज्या संस्थेत काम करतो, तिच्यातील भेदभाव मोजायचा झाल्यास कोणत्या तीन गोष्टी पाहाव्या लागतील?